गोलाच्या पेटीची किल्ली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही — म्हणजे, लपवलं तरी टिकत नाही. एवढं एकच टिकलं, तीस वर्षांहून जास्त. तुमची-माझी ओळख नाही, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात, म्हणून तुम्हाला सांगतो.

निमित्त एका व्याख्यानाचं. ठाण्याच्या एका शाळेत नवे नकाशे आणि पृथ्वीचा गोल आला आहे. तिथल्या मंडळींनी मला, जुन्या पेन्शनर हेडमास्तराला, बोलावलं — शिकवण्याच्या नव्या साधनांचे फायदे-तोटे सांगा म्हणून. विषय माझ्या हातचा. दगडी पाट्या आल्या, धूळपाटीची धूळ नाकातोंडात जायची थांबली. पण पुसणं सोपं झालं तसं विसरणंही सोपं झालं. फळ्यावरचं सगळ्या वर्गाला एकदम दिसतं, हे खरंच मोठं काम झालं. नकाशा आला आणि ठाकुर्ली कुठल्या दिशेला हे न सांगता येणारी पोरं लंडनवर बोट ठेवू लागली. हे सगळं मी झोकात बोलेन. पण गोलाबद्दल? गोलाबद्दल मी काय तोंडाने बोलू?

मी तेव्हा कल्याणला मराठी शाळेचा हेडमास्तर होतो. वय पंचवीस, ट्रेनिंग कॉलेजचा शिक्का ताजा आणि त्याची घमेंड त्याहून ताजी. हाताखाली तात्या — साठीला आलेले, जुन्या धूळपाटीच्या शाळेतले पंतोजी. सरकारी शाळा निघाली तेव्हा त्यांना तिच्यात घेतलं होतं. चारचौघांत त्यांची टिंगल करणं हा माझा आवडता उद्योग होता.

गोल मुंबईहून आगगाडीने आला, लाकडी पेटीत. पहिल्याच दिवशी मी तो टेबलावर ठेवून ऐटीत फिरवला. खाडीकाठच्या मिठागरावरून शाळेत येणारा एक मुलगा उभा राहिला. "मास्तर, ही गोल हाय, तं खारीचा पानी खाली सांडत कसा नाय?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. आकर्षण हा शब्द पाठ होता, पण त्याच्यापुढे त्याने आणखी काही विचारलं असतं तर? फाजीलपणाबद्दल मी त्याला दोन छड्या मारल्या. गोल पेटीत गेला. हात लागून खराब होतो, डिपुटीसाहेब तपासणीला येतील तेव्हा काढू, असं मी जाहीर केलं. सगळ्याच शाळांत असं करतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पेटी कोपऱ्यात जमिनीवर ठेवली आणि किल्ली मी जानव्याला बांधली.

त्याच आठवड्यात तात्यांनी वर्गात सोललेला नारळ आणला. उन्हात धरून फिरवला, दिवस कसा होतो, रात्र कशी होते ते दाखवलं. मग त्यावर एक मुंगी सोडली. मुंगी खालच्या अंगाला गेली आणि पडली नाही. "मुंगीला पाय हायेत," तोच मुलगा म्हणाला, "पान्याला कुठं हायेत?" तात्या म्हणाले, "ते मला ठाऊक नाही रे बाबा. तू शोध, आणि मलाही येऊन सांग."

मी दाराआडून ऐकत होतो. मास्तराने 'ठाऊक नाही' म्हणायचं असतं? मला त्यांची लाज वाटली. खरं म्हणजे हेवा वाटला — पण तो शब्द सापडायला फार वर्षं गेली.

पावसाळा उलटला आणि तपासणीचा दिवस आला. सकाळी लवकर येऊन मी पेटी उघडली. वाळवीने अर्धी पृथ्वी खाल्ली होती. आफ्रिकेच्या खाली नुसती माती.

काय करायला हवं होतं? एक वाक्य पुरे होतं — साहेब, पहिल्या दिवसानंतर मी तो काढलाच नाही. डिपुटीसाहेब आले, त्यांनी पेटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "किल्ली तात्यांकडे असते."

किल्ली तेव्हा माझ्या बरगडीला टोचत होती. तात्यांनी नजर वर केली, माझ्या छातीकडे पाहिलं — जानव्याला काय आहे ते त्यांना रोज दिसायचं. मग त्यांनी मान खाली घातली. साहेबांना ती कबुलीच वाटली.

पुढे साहेबांनी मुलांना भूगोल विचारला. मुलांनी दिवस-रात्र खडाखडा सांगितलं. सगळं नारळावरचं. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

महिन्याने कागद आला. सरकारी सामानाची हयगय केली म्हणून तात्यांना कमी केलं. ते टिटवाळ्याला लेकीकडे गेले. शिकवण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि जावयाच्या दारात ते दोन वर्षं बसून राहिले आणि गेले. कल्याणहून टिटवाळा काय लांब आहे? मी एकदाही गेलो नाही.

किल्ली मात्र सुटेना. कुणाला दिसली तर, या भीतीने आधी ठेवली. मग सवय झाली. दर श्रावणीला जानवं बदललं की जुन्याची सोडून नव्याला बांधायचो. बायकोला वाटायचं, ट्रंकेची असेल.

काल श्रावणी झाली. नवं जानवं घातलं, पण किल्ली त्याला बांधली नाही, हातात घेऊन बसलो. मग हा कागद ओढला. छातीवर आज काही टोचत नाही, आणि खरं सांगतो, फार बरं वाटतं आहे. इतकं बरं वाटायचा मला हक्क आहे का, ते ठाऊक नाही.

व्याख्यान गुरुवारी आहे. किल्ली घेऊन जाणार आहे. गोल टेबलावर असेल, मुलं समोर असतील. पेटी माझ्या ताब्यात होती, किल्ली माझ्याकडे होती, आणि शिक्षा तात्यांना झाली — आधी एवढं सांगेन, मग फायदे-तोटे.