पुलाखालचे किडे

“रणपिसे मॅडम, पानी पास हो गया है. अब आपके कीडों के लिए फाइल रोक दूँ?”

मेहरोत्रासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फाइल माझ्यासमोर ठेवली. ते आमच्या दिल्लीतल्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख. मी तिथे बायोलॉजिस्ट. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट.

पानिपतच्या बाजूला एका ओढ्याकाठी कापड रंगवायचा कारखाना होता. त्याला वाढीव परवानगी हवी होती. ओढ्याचं पाणी ठीक आहे असा आमचा रिपोर्ट गेला की परवानगी मिळणार होती. खालच्या गावातले लोक मात्र दोन वर्षं तक्रार करत होते. म्हशींच्या पायांना फोड येतात, त्या या पाण्यात उतरत नाहीत. आमच्या केमिस्ट्री सेक्शनने तीनदा बाटल्या भरून आणल्या. तिन्ही वेळा पाणी चांगलं निघालं.

माझं काम वेगळं. मी पाणी तपासत नाही, पाण्यात कोण राहतं ते बघते. ओढ्यात उभं राहायचं, पायाने तळ ढवळायचा, खालच्या बाजूला जाळी धरायची. जाळीत जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि मोजायचं. बाटली त्या क्षणापुरतं सांगते. तळातले हे जीव तिथे कित्येक महिने काढतात. मधे काय काय वाहून गेलं, ते त्यांनी सोसलेलं असतं.

कारखान्याजवळच्या पुलाच्या वर, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, माझ्या ट्रेमध्ये मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची पिल्लं होती. शेपटीला तीन नाजूक तंतू, पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले. यांना स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. पुलाच्या खाली एकही नव्हतं. तिथे नुसत्या लालभडक अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे जवळपास ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. दोन जागांत अंतर फार तर तीनशे पावलांचं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ऊपर पत्थर हैं, नीचे कीचड. घर अलग, तो किरायेदार भी अलग. वकील यही पूछेगा. क्या जवाब देंगी?”

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मला राग आला.

“एक महिना द्या सर,” मी म्हटलं. “दोन्हीकडे एकसारखं घर बांधून देते.”

ते हसले. पण फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली.

मी मंडईतून कांद्याची जाळीदार पोती आणली. एकाच ढिगातले, एकाच मापाचे दगड त्यांत भरले. पाच पोती पुलाच्या वर, पाच खाली, सारख्याच खोलीवर दोरीने बांधली. आता राहायला येणाऱ्यांना जागेबद्दल तक्रार करायला वाव नव्हता.

पोती जागेवर राहतील का, ही धास्ती होती. गावातल्या ओमवती नावाच्या बाईंनी ती जबाबदारी घेतली. तक्रारीच्या अर्जावर पहिला अंगठा त्यांचाच होता. “कोई हाथ ना लगावेगा,” त्या म्हणाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी माझ्या गमबुटांकडे पाहिलं. “पर तू इन पत्थरां का करेगी के?”

“यांत कोण राहायला येतं ते बघणार,” मी हिंदीत सांगितलं.

त्यांनी मान डोलावली, जणू रोज कोणीतरी हेच करायला येतं.

महिन्याने मी पोती उपसली. ओमवती शेजारी बसून होत्या. वरच्या पाचही पोत्यांत मेफ्लाय. खालच्या पाचही पोत्यांत फक्त लाल अळ्या. दगड तेच, दोरी तीच. फरक फक्त पाण्याचा होता.

या दोन जागांच्या मधे कारखान्याचा एक पाइप ओढ्यात उघडत होता. मॅनेजर स्वतः मला तिथे घेऊन गेला. “देखिए मॅडम, बरसाती पानी की लाइन है. बिल्कुल सूखी.” पाइप खरंच कोरडा होता. मी आत बोट फिरवलं. बोटाला निळा रंग लागला.

परत येताना ओमवती म्हणाल्या, “तुम लोग हमेशा मंगल-बुध नै आओ हो, चिट्ठी भेज के. इतवार नै आ के देख.” म्हणजे रविवारी, न कळवता.

सोमवारी साहेबांसमोर दोन्ही ट्रे ठेवले आणि ओमवतींचं म्हणणं सांगितलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “इतवार को कितने बजे निकलना है?”

रविवारी दुपारी आम्ही दोघं आणि ड्रायव्हर पुलावर उभे होतो. पाइपमधून निळंजांभळं पाणी धो धो पडत होतं. त्यातून वाफ येत होती. पुलाखाली भरलेल्या बाटलीत ऑक्सिजन जवळपास शून्य निघाला. आठवडाभर टाकीत साठवायचं आणि ऑफिसं बंद असली की सोडायचं, असा तो बेत होता.

परवानगीच्या सुनावणीत कारखान्याचा वकील म्हणाला, “एक दिन की गलती है. बाकी क्या कीडों की गवाही मानेंगे?”

मी फाइल उघडत होते, तेवढ्यात मेहरोत्रासाहेब उठले. “जी हाँ. हमने तीन दिन ड्यूटी की. ये वहाँ महीनाभर थे. और दस के दस बयान मॅडम के पास हैं.”

मी मान खाली घालून कागद सारखे केले. डोळे भरून आलेले कोणाला दिसायला नको होते.

वाढीव परवानगी नाकारली गेली. पाइप सिमेंटने बुजवला. पाणी शुद्ध करायचं यंत्र, जे आधी केवळ दाखवायला होतं, ते चालवावं लागलं. पुढच्या हिवाळ्यात पुलाखाली मी पुन्हा जाळी लावली. ट्रेमध्ये मेफ्लायची चार पिल्लं होती. ओमवतींना दाखवली. “इतनी सी चीज?” त्या म्हणाल्या आणि म्हशी हाकत थेट पाण्यात उतरल्या.

यातून मी एक गोष्ट शिकले. सॅम्पलिंगला सुट्टीच्या दिवशी, न कळवता जावं. घरचे कुरकुर करतात, पण रिपोर्ट बरोबर येतो.