खेपांच्या वहीवरची सही

मी दौलताबादच्या पलीकडच्या एका गावात शिक्षिका होते, तेव्हा उन्हाळाभर गावाला टँकरनं पाणी यायचं. काम सरकारी, पण टँकर एका गुत्तेदाराचे. शहरातला मुसलमान माणूस, पन्नाशीचा, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर ओला पंचा. टँकरच्या मागोमाग स्वतः स्कूटरवर यायचे आणि विहिरीत पाणी नीट पडतंय का ते वाकून बघायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायचे.

आलेल्या प्रत्येक खेपेची नोंद एका वहीत व्हायची आणि खेप आली याची सही गावातल्या बाईनं करायची, असा नियम होता. पाण्याची काळजी बाईलाच, म्हणून सहीही बाईची. कुणाच्या डोक्यातून निघालं होतं माहीत नाही, पण चांगलं होतं. अडचण एवढीच, की गावात सही करता येणारी बाई मी एकटी. बाकीच्यांचे अंगठे, आणि अंगठे तहसीलच्या साहेबांना चालत नव्हते. भरल्या वर्गातून उठून दिवसातून तीनदा विहिरीवर जायचं म्हणजे पोरांना मोकळं रानच. चार दिवसांत माझं डोकं फिरलं. मी चाचांना म्हटलं, महिन्याच्या सगळ्या पानांवर मी एकदाच सह्या करून ठेवते, खेपा तुम्ही भरत जा. ते कां-कूं करायला लागले तर मीच त्यांना दटावलं. माझा स्वभावच तसा, समोरच्याला विचार करायला वेळ म्हणून द्यायचा नाही.

वही शाळेच्या कपाटात असायची. दर शनिवारी एक तरुण माणूस मोटारसायकलवर येऊन ती घेऊन जायचा आणि सोमवारी आणून द्यायचा. तो आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या बंगल्यावरचा माणूस होता. ठेका चाचांच्या नावावर असला तरी त्या पुढाऱ्याच्या मेहेरबानीनं मिळालेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी परत आलेली वही मी कधी उघडून बघितली नाही. खरं सांगायचं तर बघायची इच्छाच नव्हती.

दिवाळीच्या आधी सगळं बाहेर आलं. गावात तीन खेपा यायच्या आणि वहीत सात लिहिलेल्या. आमच्याच नाही, आसपासच्या कितीतरी गावांत. विरोधातल्या पुढाऱ्यांनी गदारोळ केला, चौकशी बसली आणि पोलिसांनी चाचांना घरातून उचललं. वर्तमानपत्रात फोटो त्यांचाच आला. मोटारसायकलवाला कुठल्याच फोटोत नव्हता.

चाचा धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणणार नाही. सात खेपांची बिलं त्यांच्याच नावानं निघायची आणि त्यातलं काही त्यांच्याही पदरात पडत असणार. पण कबूल केलेल्या तीन खेपा त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. एकदा गाडी वाटेत बंद पडली, तर दुसऱ्याचा टँकर भाड्यानं आणून त्यांनी गावाला पाणी पाजलं. असा माणूस चोर म्हणून छापून आला आणि बायका विहिरीवर हळहळत राहिल्या.

मग मला जबाबासाठी बोलावणं आलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरी शिकत होत्या, घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. कोऱ्या पानांवर सह्या केल्या हे कबूल केलं तर नोकरी गेलीच. आणि नाही केलं, तर दर शनिवारी वही कोण न्यायचं हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी चाचा माझ्या घरी आले. जामिनावर सुटले होते. आधी नवऱ्याची तब्येत विचारली, मग चपला न काढता दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, उद्या वही दाखवतील. ‘ही सही माझी नाय’ असं म्हणा. समद्या सह्या मीच मारल्या म्हणून जबाब दिलाय मी.”

मी भडकले. म्हटलं, वही कोण न्यायचं ते मी सांगणार आहे, होऊ दे काय व्हायचं ते.

“ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठिवला, पाणी पिले आन् म्हणले, पुढचं बोला. तुमचं बी तेच व्हईल, नोकरी तेवढी जाईल. मला तर हर्सूलला जायचंच हाय.”

मी भांडत राहिले, पण सह्या मीच मारल्या असं ते म्हणाले तेव्हाच माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. त्यांचं ते खोटं माझ्याइतकंच त्या पुढाऱ्याच्याही सोयीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तो पुढची निवडणूक दिमाखात लढला. चाचांनी दोन वर्षं हर्सूलच्या तुरुंगात काढली.

दुसऱ्या दिवशी मी जबाबाला गेले, तेव्हा चौकशीच्या साहेबांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. पानभर माझ्याच सह्या. ही तुमची का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. कारकुनानं ते लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला, की बाई, इथं सही करा. मी केली. हाताला सवय होती तशीच झाली, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून तिच्याखाली दोन टिंबं. उघड्या वहीच्या शेजारी तो कागद पडला होता. साहेबांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

त्यांनी वही मिटली. “यापुढं सही जपून करत जा, बाई,” एवढंच म्हणाले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर चाचा बसले होते, माझ्यानंतर त्यांना बोलावणार होते. झालं का, त्यांनी विचारलं. मी झालं म्हटलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की बघणाऱ्याला वाटावं सुटका त्यांचीच झाली.

“मंग जा घरी. ऊन लई हाय.”

मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. निदान एक शब्द तरी बोलायला हवा होता. मी पदर डोक्यावर ओढला आणि चोरी करून निघावं तशी पायऱ्या उतरले. चोरी तर केलीच होती.