गेनूची फर्माईश

कारखान्याच्या फाटकाजवळच्या नोटीस-बोर्डावर एका सकाळी नेहमीसारखा टाइप केलेला कागद लागला होता. बाटल्या धुण्याच्या खात्यातले कामगार गेनू बाळा यांचे राहत्या गावी निधन झाले, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही तिघांनी तो उभ्या उभ्या वाचला. तांबे म्हणाला, "कोण रे हा गेनू बाळा?" मी म्हटलं, "असेल कोणीतरी, एवढी माणसं आहेत," आणि आम्ही चहाला गेलो. चहा निम्मा झाल्यावर कुलकर्ण्यांचा कप हातातच राहिला. "अहो… आकुर्डी म्हणजेच गेनू ना?" तीन वर्षं दर रविवारी दुपारी हा माणूस माझ्या खोलीत माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होता, आणि त्याचं नाव वाचून आम्हाला तो आठवला नाही. कारण आम्ही त्याला दुसरं नाव ठेवलं होतं. चहा मात्र आम्ही पुरा प्यायलो. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याचे गुण सांगावेत अशी रीत आहे. पण गेनूचे गुण पाहायची तसदी आम्ही कधी घेतली नाही, त्यामुळे मला ते फारसे ठाऊक नाहीत. आमचे ठाऊक आहेत. तेच लिहितो.

पिंपरीचा औषधांचा कारखाना नुकता कुठे सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. चोहीकडे बाभळी आणि कुसळं, मध्येच नव्या कोऱ्या इमारती, आणि रविवारी करायचं काय हा प्रश्न. मी स्टोअरमध्ये कारकून, मूळचा सातारचा. माझ्याकडे मामांनी दिलेला चावीचा ग्रामोफोन आणि चाळीसेक तबकड्या होत्या. तेवढ्या भांडवलावर मी पिंपरीतला संगीतातला अधिकारी माणूस झालो. तांबे फिटर, रत्नागिरीकडचा, जिभेला हाड नसलेला. कुलकर्णी प्रयोगशाळेत मदतनीस, नांदेडचे, बोलायला गोड आणि मनातून माझ्याइतकेच कुजके. आम्ही तिघं दुपारी तीन वाजता जमत असू आणि आमचा एक नियम होता, अर्थातच मी केलेला. नव्या माणसाने आधी आपली पहिली बैठक सांगायची, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून कोणाचं गाणं ऐकलं, कुठे, कधी, काय गायले. ती सांगितल्यावरच त्याला फर्माईश करण्याचा हक्क. ज्याची बैठक नाही त्याची फर्माईश नाही.

आमच्या तिघांच्या बैठका थोर होत्या. तांब्याने गणेशोत्सवात फणसाच्या झाडावर बसून एका बाईंचं गाणं ऐकलं होतं आणि शेवटच्या तानेला फांदी मोडली होती. दर वर्षी ती फांदी थोडी उंच जात असे. कुलकर्ण्यांना एका जहागीरदाराच्या लग्नात खाँसाहेबांनी आपल्या हाताने विडा दिला होता. मी आठ वर्षांचा असताना मामांच्या मांडीवर बसून मारवा ऐकला होता आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आज सांगून टाकतो, मी आलाप संपायच्या आत झोपलो होतो. मारवा होता हे मामांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तांब्याचं झाडही असंच असणार, विड्याबद्दल तर मला शंकाच नाही. आम्ही एकमेकांना कधी खोदून विचारलं नाही, कारण तसं केलं असतं तर तिघांपैकी कोणालाच तबकडी लावता आली नसती.

गेनू आला तो तांब्याबरोबर. चाकणच्या अलीकडच्या एका गावचा, काळासावळा, पुढचे दात थोडे बाहेर, अंगावर कारखान्याचा खाकी गणवेश. आठवडाभर पिंपरीत चौघांत खोली करून राहायचा, शनिवारी संध्याकाळी सायकल मारत गावी जायचा. त्याच्या बगलेत टॉवेलात गुंडाळलेली एक तबकडी होती. ग्रामोफोन नसलेल्या माणसाकडे तबकडी! तांबे पोट धरून हसला. गेनूने ती चाकणच्या बाजारात एका चहावाल्याकडून घेतली होती. लढाईच्या दिवसांत चहावाल्याच्या दुकानात ती वाजायची आणि हा बाहेर उभा राहून ऐकायचा. दुकान मोडलं तेव्हा मशीन दुसऱ्याने नेलं, ही एक तबकडी ह्याने घेतली. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला भजन.

"पहिली बैठक सांगा," मी म्हणालो.

"बैठक न्हाई ऐकली सायेब. तबकडीच ऐकली ही. लई येळा."

"मग फर्माईश नाही."

"बरं," तो म्हणाला. मग खिशातून कागदाची पुडी काढून त्याने माझ्यासमोर उघडली. आत बाभळीचे काटे होते. "पर कवा लावली तर ह्यो काटा लावा सायेब. लढाईत पिना मिळत नव्हत्या तवा चहावाला काटाच लावायचा. लोखंडानं रेघा कातरत्यात, काट्यानं न्हाई."

मी त्या वेळी जे बोललो ते अजून तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "अरे, सरकार एवढा मोठा कारखाना काढून तुम्हाला माणसात आणतंय आणि तू काटे घेऊन येतोस?" आणि पुडी खिडकीबाहेर फेकली. तसे खिडकीबाहेर आधीच पुष्कळ काटे होते. आता गंमत ऐका. माझ्या चाळीस तबकड्या पोलादी पिनांनी खरवडून करड्या पडल्या आहेत. पिन दर बाजूला बदलावी लागते, मी एकेक पिन दहा-दहा वेळा वापरायचो. आज त्यांच्यातून गाण्यापेक्षा भाजीच्या फोडणीचा आवाज जास्त येतो. गेनूचं बरोबर होतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कबूल करणं जमलं नाही.

त्याला आम्ही हाकललं नाही, कारण तो उपयोगाचा होता. ग्रामोफोनशेजारी एक लाकडी स्टूल होतं. त्यावर बसून तो चावी द्यायचा. सव्वातीन मिनिटांची बाजू संपली की तबकडी काढायची, पुसायची, पुन्हा चावी. शनिवारी घरी गेलेला माणूस रविवारी दुपारी बायको-मुलांना सोडून तीनच्या ठोक्याला सायकल माझ्या दाराला टेकवायचा, दुसऱ्यांच्या आवडीच्या तबकड्यांना चावी देण्यासाठी. त्याची तबकडी एक वर्षभर टॉवेलात येत राहिली आणि टॉवेलात परत जात राहिली. मध्येच कधी विचारायचा, "सायेब, हितं जवळपास कुनाची बैठक व्हनार हाय का? म्हंजी माझं बी व्हऊन जाईल." तेवढं एकच त्याला हवं होतं.

ती कल्पना माझी. तांबे नंतर सगळीकडे आपली म्हणून सांगत असे, पण माझीच. ऑफिसच्या टाइपरायटरवर मी एक निमंत्रण तयार केलं. आकुर्डी येथील शाळेत येत्या रविवारी दुपारी चार वाजता एका सुप्रसिद्ध गायिकेचं गायन, निवडक रसिकांसाठी. खाली कुलकर्ण्यांनी झोकदार सही केली. गेनूला अक्षर लावत लावत वाचता येई. त्याने ते दोनदा वाचलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "तुमी न्हाई येनार?" तांबे म्हणाला, "आमका एकच पास मिळाला मेल्या, तो तुका दिला." गेनूचे डोळे भरून आले. तेव्हाही आम्हाला थांबता आलं असतं. त्या रविवारी आकुर्डीच्या शाळेला कुलूप होतं, हे सांगायला नको. आम्ही इकडे तबकड्या लावत बसलो होतो आणि चावी देता देता तांबे वैतागून गेला होता.

पुढच्या रविवारी तो शिव्या देईल, निदान तोंड पाडून बसेल, अशी आमची तयारी होती. तो आला तो धुतलेलं धोतर, नवी टोपी, बगलेत टॉवेल आणि हातात एक जर्द्याची जुनी डबी घेऊन. स्टुलावर न बसता आमच्यात सतरंजीवर बसला. मी विचारलं, "कशी झाली बैठक?"

"झाली सायेब," तो म्हणाला. "लई ग्वाड झाली."

आणि तो सांगू लागला… बाईंचं लुगडं जांभळं होतं. अंगावर शाल होती. डोळे मिटून गात होत्या आणि मध्येच एकदा डोळे उघडून हसल्या. तंबोऱ्यावाली पोरगी पेंगत होती. तबला वाजवणारा म्हातारा होता पण हात पोराचे. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत होतो. कुलकर्णी गोड आवाजात विचारीत, "किती माणूस होतं, गेनबा?" तांबे विचारी, "शेवटी काय गायली?" गेनू टॉवेलावर हात ठेवून म्हणाला, "ह्येच. माझ्या तबकडीवरचं." आता मला वाटतं, आमच्यापैकी कोणीही आपली बैठक इतकी चांगली सांगितली नव्हती. त्या दिवशी आम्ही त्याला अर्धा तास बोलू दिलं. मग त्याने टॉवेल सोडला, तबकडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "आता माझी फर्माईस."

मी खिशातून निमंत्रणाची कार्बन कॉपी काढून तबकडीवर ठेवली. "हे मी टाइप केलंय, गेनू."

तांबे सतरंजीवर गडाबडा लोळला. कुलकर्णी रुमालात हसले. मी हसलो नाही, मी नुसता बघत होतो, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. गेनूने तो कागद उचलून बाजूला ठेवला, तबकडी नीट टॉवेलात गुंडाळली, डबी खिशात घातली. जाईल असं वाटलं. तो उठला आणि स्टुलावर जाऊन बसला. "चावी उतरली वाटतं सायेब," म्हणाला, "देऊ का?"

त्या दिवसापासून तो आकुर्डी झाला. पुढची दोन वर्षं. कारखान्यातही ते नाव पोचलं, बाटल्या धुणारी पोरंसुद्धा "ओ आकुर्डी" म्हणून हाका मारीत. तो ओ देई. टॉवेल मात्र पुन्हा आला नाही. यंदा थंडीत तो रजेवर गेला तेव्हा तीन रविवार चावी कोणी द्यायची यावरून आमची भांडणं झाली. त्याला काय झालंय, हे विचारायला कोणी गेलं नाही. छातीत पाणी झालं होतं. आम्ही औषधांच्या कारखान्यात होतो.

त्याच्या गावी मी गेलो तो दुखवट्याला नव्हे. स्टोअरच्या वहीत त्याच्या नावावर दोन खाकी गणवेश आणि एक रबरी एप्रन होता, ते परत आणायला गेलो. एसटीतून उतरून दीड मैल चाललो. त्याची बायको पारूबाई अंगणात होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने घोंगडी अंथरली, चहा टाकला, एप्रन आणि गणवेश आणून दिले. धुऊन, घडी करून ठेवले होते, एक तुटलेलं बटण नवीन लावलं होतं.

"तुमीच व्हय ते मिशीनवाले सायेब? हे लई सांगायचे." तिने चहा कपात ओतला. "आकुर्डीच्या बैठकीला तुमीबी व्हता न्हवं?"

म्हणजे इथेही ती बैठक झाली होती. मी म्हणालो, "होतो."

"बाईचं लुगडं जांभळं व्हतं म्हनं."

"जांभळं होतं. अंगावर शाल होती. मध्येच डोळे उघडून हसल्या." त्याचं सगळं मी त्याच्याच शब्दांत तिला परत सांगितलं. तंबोऱ्यावाली पोरगीसुद्धा. ती मान डोलावत होती. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

"मंग," ती म्हणाली, "त्याबिगर तबकडी लावाया देत न्हाईत म्हनायचे. बैठक झाल्याव लावली का तुमी त्यांची?"

मी म्हणालो, "लावली ना. दर रविवारी लावत होतो. काट्यावर."

ती उठून आत गेली आणि जर्द्याची डबी घेऊन आली. झाकण काढून माझ्यापुढे धरली. आत बाभळीच्या काट्यांची जुडी होती, एका लांबीचे, बुडं दगडावर घासून सपाट केलेली, लाल दोऱ्याने बांधलेली.

"ह्यो दोरा म्या बांधला व्हता," ती म्हणाली, "आकुर्डीचं झालं त्याच्या फुडल्या ऐतवारी. गाठ माझीच हाय."

मी गाठीकडे पाहिलं. ती एकदाही सुटलेली नव्हती. तिने कपबशी माझ्याकडे सरकवली. "च्या घ्या. गार व्हतोय." मी घेतला. निघताना तिने डबी गणवेशांवर ठेवली. "काटे घिऊन जावा, तुमच्या मिशीनला व्हतील. तबकडी ऱ्हाऊ द्या. ती हितंच बरी हाय."

गेल्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा जमलो. तांब्याने टेबलावरची डबी हलवून पाहिली. "काय रे यात?" मी म्हणालो, "पिना." तो म्हणाला, "मग लाव की नवी, ही किती खरखरतेय." मी डबी त्याच्या हातातून घेऊन खिशात ठेवली, तीच जुनी पोलादी पिन पुन्हा लावली, आणि स्टूल ओढून चावी द्यायला बसलो.