चॅम्फरचाचा

चॅम्फरचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलाची कड चाचपत, मग माणसाकडे बघत. कड बोचरी निघाली तर त्यांचा चेहरा असा होई, की घरमालकाला उगाच ओशाळल्यासारखं वाटे.

खरं नाव मोहल्ल्यात कुणी घेत नसे. उमेदीची वर्षं मस्कतला सुतारकाम करून ते परतले आणि खाडीकाठी, आमच्या घराला लागूनच, त्यांनी कारखाना टाकला. तिकडून आणलेल्या इंग्रजीतला एक शब्द त्यांचा फार लाडका होता, चॅम्फर. फळीची धारदार कड रंध्याने बेताने तिरकी तासायची, म्हणजे ती हाताला लागत नाही आणि तिचा टवकाही उडत नाही. तिकडचे साहेब म्हणे सुताराला हमखास विचारतात, कडेचं काय करतोस? म्हणून आखाताची मुलाखत ठरलेली पोरं आधी चाचांकडे येत.

त्यांची शिकवणी न्यारी होती. कड मनासारखी उतरेपर्यंत हातातला रंधा खाली ठेवायचा नाही. मग वाक्य, तेही पुरं. "नुस्तं 'चॅम्फर द एज' बोललास तर तो हुकूम झाला. साहेबाला कामाला लावतोस काय? आधी 'आय' बोल." कड गोल करून कुणी हा शब्द वापरला की ते खवळत. "गोल केलंस तर गोल केलं म्हण. चॅम्फर म्हंजे तिरकी. खोटं कशाला बोलतोस?"

शिकवणी सुरू झाली की स्वतःच्या मुलाला मात्र ते काहीतरी काम काढून पालीला पिटाळत. इम्तियाजचा हात बापापेक्षा हलका आणि सफाईदार होता. चाचांची नजर अधू होत चालली होती आणि कारखाना त्याने सांभाळावा एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. इम्तियाजला जायचं होतं, हेही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी त्याने बापाच्या नकळत मुलाखत ठरवली. रेंज फक्त आमच्या पडवीत येते, म्हणून फोन घेऊन तिथेच बसला. साहेबाने विचारलं, चॅम्फर कुठे करतोस आणि कुठे नाही? इम्तियाजने तो शब्द लहानपणापासून ऐकला होता, पण वाक्यात कधी वापरला नव्हता. तो "येस सर, येस सर" म्हणत राहिला. आधी इंग्रजी शीक, मग पुढच्या आठवड्यात बघू, असं सांगून साहेबाने फोन ठेवला. मला चाचांचा मनस्वी राग आला.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं.

"साहेब काय बोलला, वयनी? याला काम येत नाय?"

"तसं नाही म्हणाला. पण साहेबाला तसंच वाटलं असणार."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून बापलेकाचे आवाज येऊ लागले. "आय चॅम्फर द डोअर एज." मग चाचा विचारत, "आणि कुठं नाय करायचं?" "जिथं दोन फळ्या जुळतात तिथं नाय, अब्बा. फट दिसते." "हां. आता तेच इंग्लिशमधून बोल." चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या मुलाखतीला चाचा आमच्या पडवीच्या पायरीवर, फोनमध्ये दिसणार नाहीत असे बसले. इम्तियाजने सगळी वाक्यं नीट सांगितली. साहेबाने त्याला तिथल्या तिथे कामावर घेतलं. चाचा उठून, आम्ही केलेला चहा न घेताच घरी गेले.

आता इम्तियाज दोह्याला असतो. कारखान्यात मोठं काम होत नाही. मध्यंतरी एका दाराचं विचारायला गेले, तर चाचा म्हणाले, नजर साथ देत नाही, हातखंब्याहून तयार आणा. मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, शिकवलं नसतंत तर राहिला असता."

"राहिला असता," चाचा म्हणाले. "पण त्या साहेबाला वाटलं असतं, माज्या पोराला रंधा धरता येत नाय."