मामाजी चालले ती हद्द

माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर पाटलाच्या गड्याने मातीचं ढेकूळ सोडलं. ठेवलं नाही. सोडलं. हात लागू नये म्हणून वीतभर वरून. ढेकळाची एक बाजू फुटली, माती त्यांच्या डोळ्यांत गेली, आणि भोवती उभी असलेली माणसं हसली.

मी समोरच होते. डोक्यावर गिट्टीचं घमेलं. साहेब लोकांच्या बंगल्यांचं बांधकाम चाललं होतं आणि आमच्या वस्तीतल्या बहुतेक बाया तिथे मजुरीला होत्या. मोजणीचे साहेब खुर्चीवर बसलेले. शिपायाने त्यांच्यावर छत्री धरलेली. बाजूला पाटील. आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, भर उन्हात अनवाणी. पायताण पाटलाने काढायला लावलं होतं. पायताण घालून चाललेली हद्द धरत नाहीत म्हणे.

"सीधा चाल बे," गडी म्हणाला. "ढेकूळ पडलं तं हद्द खोटी होते."

मामाजींनी डोळे पुसले नाहीत. हात वर नेला असता तर ढेकूळ हललं असतं. तसेच अर्धे मिटल्या डोळ्यांनी ते चालायला लागले. त्यांच्या मागे एक माणूस चुन्याची रेघ ओढत होता. त्याच्या मागे दगड पुरणारे. दगड पुरणारी पोरं आमच्याच वस्तीतली. दिवसाचा रोज मिळतो म्हणून आलेली.

हे काय चाललं होतं ते नीट सांगायला हवं, कारण शहरातल्या माणसाला ते खरं वाटायचं नाही. आमच्याकडे गावाची शीव कुठून कुठवर हे सांगायचं काम महाराचं. त्याला मान म्हणायचे. शिवेवरून भांडण लागलं की महाराला बोलवायचं, शिवेची माती त्याच्या डोक्यावर द्यायची आणि त्याने चालायचं. माती डोक्यावर घेऊन तो खोटं चालला तर त्याचा वंश बुडतो, अशी समजूत. तो चालेल ती हद्द. पाटलालाही ती मोडता यायची नाही. एरवी ज्याची सावली नको, त्याचे पाय तेवढ्या दिवसापुरते खरे. मामाजींचा बाप असा चालला होता. आजाही चालला होता.

पण मामाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी महारकीची घुंगराची काठी चुलीत घातली. मेलेलं ढोर ओढणं बंद. मयताचा सांगावा नेणं बंद. दारोदार भाकर मागणं बंद. घरातले देव नाल्यात सोडले. तेव्हापासून पाटलाचं आमच्यावर वाकडं होतं. असा माणूस पुन्हा ढेकळाखाली डोकं द्यायला गेलाच कसा, हे मला वस्तीतल्या प्रत्येकाने विचारलं. काहींनी शिव्या घालून विचारलं.

महाराष्ट्र झाला आणि बुलढाण्याचं नशीब उघडलं, असं सगळे म्हणत होते. जिल्ह्याचं ठिकाण. कचेऱ्या वाढल्या, साहेब वाढले, साहेबांना राहायला जागा हवी झाली. आमची वस्ती तेव्हा गावाच्या अगदी टोकाला. वर माळ, खाली नाला. मधे घरांच्या दोन आळ्या. वरच्या आळीत विहीर, खालच्या आळीत आमचं घर. माळावर शेळ्या चरायच्या. संध्याकाळी गार वारा सुटला की वरच्या आळीतली गोदामाय आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि सगळ्या वस्तीची झडती घ्यायची. कोणाच्या कालवणाला तेल जास्त झालं, कोणाच्या सुनेचं तोंड वाढलं. माझं तोंड वाढलंय हे तिनेच प्रथम जाहीर केलं होतं.

मग माळावरून सडक आली. सडकेमागून विजेचे खांब आले आणि आमच्या घरांच्या अलीकडून वळून गेले. तरी आम्ही खूश होतो, खोटं कशाला बोलू. रोजची मजुरी होती. पाटलाच्या शेतात मान खाली घालून जायची गरज उरली नव्हती. शहर आपल्या दारात येऊन राह्यलं, असं गोदामाय येईल त्याला सांगायची.

आधी शेळ्या गेल्या. माळावर चारायच्या नाहीत, असं शिपाई सांगून गेला. मग विहिरीकडे जाणारी पायवाट काटेरी तारेने बंद झाली; आम्ही वळसा घालून पाणी आणू लागलो. नाल्यापलीकडे फिरस्त्यांची पालं होती. एका सकाळी ती नव्हती. कुणी उठवली, कुठे गेली, कुणी सांगेना. नुसती चुलींची राख. बाया पाणी आणताना तिकडे बघायचं टाळू लागल्या. मीही टाळत होते.

त्याच आठवड्यात पाटील आमच्या दारात आला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे कधी पाहिलं नव्हतं. तो ओट्याला टेकला नाही, पण आवाज मात्र गोड होता. नव्या वस्तीची मोजणी आहे, जुने दगड कुठे गेले कुणाला माहीत नाही, गावठाण कुठे संपतं आणि ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन, कुठे लागते ते सांगणारं कुणी उरलं नाही, असं तो म्हणाला.

"किसन्या, तुह्या बापाच्या शब्दावर या गावची हद्द उभी आहे. आता तू सांगशीन ते सरकार मानते."

मामाजी पाटलाच्या बापाच्या वयाचे. तरी किसन्या. मामाजी म्हणाले, ते ढेकूळ-बिकूळ आम्ही आता मानत नाही. पाटील म्हणाला, तू मानू नको, पण गाव मानतं, त्याशिवाय तुझा शब्द धरणार कोण. माझ्या नवऱ्याने बापाला परोपरीने सांगितलं, जाऊ नका. पण म्हाताऱ्याच्या मनात एकच बसलं होतं. देव सोडले, काठी सोडली, खरेपणा कशाला सोडायचा? सरकार आता आपलं आहे. आपलं सरकार आपल्याला विचारतंय. त्या सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून निघाले. ताठ चालत गेले. मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

दिवस कलला तेव्हा दगडांची रांग उभी होती. ती वरच्या आळीच्या अलीकडून गेली होती. विहीर आणि वरच्या आळीची सगळी घरं दगडांच्या पलीकडे, ई-क्लासमध्ये. साहेब खुर्चीतून उठले, चांगलं दाखवलंत म्हणाले, पाटलाबरोबर चहा प्याले. मामाजींच्या ओंजळीत शिपायाने वरून पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीच्या दारादारांवर चुन्याच्या फुल्या होत्या.

मामाजी खोटं चालले नव्हते. जुनी हद्द तीच. पण आमची वस्ती मुळात तिथे नव्हतीच. ती होती गावाला लागून, जिथे आता पाटलाचं कापसाचं जिन आहे. पाटलाच्या बापाला ती जागा हवी झाली, तेव्हा त्याने आमच्या माणसांना उठवून हद्दीबाहेर माळावर बसवलं. सगळ्या गावासमोर शब्द दिला, की इथून तुम्हाला कुणी हलवणार नाही. लिहिलेलं काही नाही. पाटलाचा शब्द, त्याला लिहायचं काय? मामाजी तेव्हा जवान होते. त्यांनी स्वतःच्या कानांनी तो ऐकला होता. त्यांनी असं धरलं, की हद्द विचारली तर हद्द दाखवायची. शब्दाचं सगळ्यांना ठाऊकच आहे. ज्याच्या बापाने दिला तो पाटील समोर उभा आहे, तो सांगेलच.

पाटलाने सांगितलं नाही.

फुल्या मारून गेलेली माणसं परत आली नाहीत, आणि तेच फार वाईट झालं. सडकेवर कुणी अनोळखी माणूस थांबला की वरच्या आळीतली दारं लागायची. गळकी छपरं कुणी शाकारेना. ठरलेली लग्नं पुढे गेली. दोन बिऱ्हाडं कंटाळून खामगावला गेली. त्यांच्या दारांच्या चौकटी लगेच नाहीशा झाल्या, मग भिंती. पाडताना कुणी दिसलं नाही. एका सकाळी विहिरीत मेलेलं कुत्रं तरंगताना सापडलं. आम्ही विहीर उपसली. पाणी निवळलं, आणि पुन्हा कुत्रं सापडलं.

गोदामाय आमच्या ओट्यावर यायची थांबली. मीच तिच्या दारात गेले. ती फुलीखाली उभी होती.

"तुह्या सासऱ्याच्या पायानं माह्यं घर गेलं," ती म्हणाली. "तुमचं बरं वाचलं."

हे मामाजींच्या कानावर गेलंच. वस्तीत काय लपतं? त्यांनी खाट धरली. भिंतीकडे तोंड करून पडायचे. पायाला सूज, जेवणावर वासना नाही. एकदाच त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, मी खरं चाललो होतो ना?"

मी हो म्हणाले. रडू आलं नाही, संताप आला. म्हाताऱ्यावर नाही. हा माणूस खोटं बोलायचा नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच जे त्याला बोलवायला आले होते, त्यांच्यावर. त्यांना लबाड माणूस चाललाच नसता. त्यांना आमच्यातला सगळ्यांत खरा माणूस हवा होता.

उन्हाळा लागला आणि साहेब, पाटील, तो गडी, सगळे पुन्हा आले. या वेळी खालच्या आळीत, आमच्या दाराशी. नाल्याकडची हद्द मोजायची राहिली होती. ती चालली की खालची आळीही जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पाटील म्हणाला, किसन्याला चालवत नसेल तर बैलगाडीत घालू.

आतून खाट करकरली. मामाजी उठत होते. सुजलेले पाय खाली सोडून भिंत चाचपत होते. जन्मभराची सवय. हाक आली की उठायचं.

"बसा, मामाजी," मी म्हणाले. पाटलासमोर मी इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. मामाजी बसले.

पाटलाने नवऱ्याची चौकशी केली. तो मलकापूरला हमालीवर गेला होता. मग पाटील माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग तू चाल. घरातलं कोणीबी चालते. सासऱ्यानं तुले सांगतलंच असंल."

गड्याने ढेकूळ उचललं. माझ्या डोक्यावर धरलं. वीतभर वरून.

मी बाजूला झाले. ढेकूळ जमिनीवर पडून फुटलं. कुणी हसलं नाही.

गडी दुसरं उचलायला वाकला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. साहेबांच्या पुढे जाऊन उभी राहिले. 

"आमी इथं येऊन बसलो नाही, साहेब. आमाले बसवलं. या पाटलाच्या बापानं. जिनाची जागा आमची होती."

साहेबांनी पाटलाकडे पाहिलं. पाटील नाल्याकडे बघत होता. साहेब म्हणाले, "याला पुरावा काय?"

"त्या दिवशी आमच्या बुढ्याचा शब्द पुरावा होता. त्याच्यावर तुमी दगड गाडले. आज काऊन नाही?"

 मग वरच्या आळीतून गोदामाय खाली आली. माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "मीबी होती तिथं. नवी नवरी होती मी. माह्या कानानं ऐकलं." एवढं बोलून ती आमच्या ओट्यावर बसली.

साहेबांनी टोपी घातली. हे माझ्या कामात येत नाही, मी फक्त मोजणी करतो, असं म्हणून ते सडकेकडे चालू लागले. पाटील मागे थांबला. आता त्याचा आवाज गोड नव्हता.

"उद्यापासून तुले घमेलं भेटणार नाही. इथं कोणाच्या पाण्यावर राह्यतं ते पाह्यतो मी."

त्याने बोललेलं खरं केलं. मुकादमाने मला आणि गोदामायच्या पोरींना कामावरून काढलं. विहिरीभोवती दगडी भिंत बांधली, तिला दार ठेवलं, दाराला कुलूप. नाल्यात झिरा खणून आम्ही गढूळ पाणी भरतो. मामाजी पुन्हा ओट्यावर बसायला लागले आहेत, पण बोलत नाहीत. गोदामायने दारावरची फुली शेणाने सारवली होती. कुणीतरी येऊन पुन्हा मारून गेलं. आता ती आमच्याही दारावर आहे. हद्द न चालता.

परवापासून सडकेच्या कडेला एक ट्रक उभा आहे. त्यात सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, आणि फावडी आहेत. ड्रायव्हर सावलीत विडी ओढत बसतो, कुणाशी बोलत नाही, आमच्या घरांकडे बघत नाही. नवऱ्याने मलकापूरहून निरोप धाडला, की खोली बघितली आहे, म्हाताऱ्याला घेऊन ये. मी त्याच माणसाबरोबर नवऱ्याला उलट निरोप धाडला, तूच ये इकडे.

घर राहील की जाईल, मला माहीत नाही. राहील असं मी कुणाला सांगत नाही, माझ्या पोरांनासुद्धा नाही. पण आमच्या माणसाचं खरेपण त्यांनी अर्धं घेतलं आणि अर्धं टाकून दिलं. हद्द उचलली, शब्द टाकला. यापुढे ते अर्धं मिळायचं नाही. साहेब येवो की साहेबाचा साहेब, आधी जिनाची जागा मोजा, मग माझ्या दाराशी या. तोवर आमच्या घरातलं कुणी त्यांच्यासाठी एक पाऊल चालणार नाही. आणि इथून उठणारही नाही.