प्रितम सरांचा सायलेन्सर

गुडीहत्नूरला हायवेवर माझं गॅरेज आहे. प्रितम सर जैनथकडच्या एका खेड्यात शिक्षक आहेत; सुट्टी लागली की बुलेटवर पार लडाखपर्यंत जाऊन येतात. मागच्या महिन्यात ते म्हणाले, "लखन, कमी आवाजाचा सायलेन्सर दाखव." मी तीन दाखवले. एकेक लावायला सांगून सरांनी वीस पावलं मागं जाऊन ऐकलं आणि सगळ्यात मुका निवडला.

"काऊन सर? तुमचा तर कंपनीचाच आहे."

"पाटलांच्या ओसरीपुढून गेलो का म्हणतात, मास्तरले माज आला."

सरांचे वडील त्याच पाटलांचे सालदार होते. पाटलांच्या पोराच्या गाडीला फटाके फोडणारा सायलेन्सर मीच लावलाय. त्याचा आवाज आला की लोक 'मालक आले' म्हणत बाजूला होतात.

आठ दिवसांत सर परत आले. गाडी दारात आली तरी मला कळलं नाही.

"आता काय म्हणतात?"

"मास्तर चोरावानी येते म्हणतात. कवा आला ते बायामाणसायले समजत नाही म्हणे."

माझं डोकं फिरलं. पाना आपटून मी विचारलं, "मंग लावू तरी कोणता?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "कमी आवाजाचं आडनाव असन तर लाव."