वार लावून जेवणारी गाडी

गाडी सर्व्हिसिंगला गेली की दोन गोष्टी हातात पडतात, एक बिल आणि एक किस्सा. बिल भरून विसरता येतं. किस्सा मात्र घरी येतो, चहाला बसतो आणि दर वेळी थोडा वाढूनच दुसऱ्याकडे जातो. आमच्या लाल गाडीनं जेवढे किस्से दिले तेवढं ॲव्हरेज दिलं असतं, तर आम्ही एका टाकीत काश्मीर बघून आलो असतो!

‘आमची’ गाडी म्हटलं ते मोठेपणानं नव्हे. ती खरंच तिघांची आहे. मी बाळू, राहणार दौलताबाद, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत. मिलिंद उस्मानपुऱ्यातला, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. इम्रान छावणीतला, एसी-फ्रिज दुरुस्त करतो. अकरावीपासून आम्ही एका बाकावर बसलो आणि तेव्हापासून तिघांना एकच वेड, स्पोर्ट्स बाईक. एकट्याच्या पगारात ती बसणं शक्य नव्हतं. मग एका डॉक्टरांचा मुलगा परदेशी निघाला, त्याची दोन सिलिंडरची गाडी विकायला निघाली, आणि आम्ही तिघांनी मिळून झडप घातली.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी? आमच्या गाडीनं तसे वार लावले. सोमवार-गुरुवार मिलिंदकडे. मंगळवार-शुक्रवार इम्रानकडे, कारण शुक्रवारी त्याचं दुकान बंद. बुधवार-शनिवार माझ्याकडे. रविवारी तिघांची, एक जण गाडीवर आणि बाकीचे दोघं इम्रानच्या स्कूटरवर मागून. वारावर जेवणारे ते विद्यार्थी पुढे शिकून मोठे झाले म्हणतात. ही नुसतीच जेवते!

*

पहिल्या बुधवारी गाडी घरी नेली, तेव्हा अख्खी गल्ली जमली. जो तो एकच विचारत होता, ‘किती देती?’ आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पेरूच्या बागेतून आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बैलबाजारात मारतात तशी.

“हिचं खाणं किती?”

मी अभिमानानं म्हणालो, बावीस-तेवीस.

अण्णांनी थोडा विचार केला. “लिटरला का तासाला?”

ट्रॅक्टरचा हिशोब तासावर असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. गल्ली मात्र पोट धरून हसली. मग त्यांनी मागची सीट पाहिली. ती सीट म्हणजे तळहाताएवढी आणि आभाळाकडे चढलेली. “इथं कोण बसणार, कोंबडी?” असं विचारून ते हातपाय धुवायला गेले. जाता जाता म्हणाले, “कधी विकता सांगा.”

हे त्यांचं पालुपद झालं. दर बुधवारी आणि शनिवारी, गाडी अंगणात आली की, ‘कधी विकता?’

*

या गाड्यांचं इंजिन भयंकर तापतं. बंद केली तरी पुढचा पंखा थोडा वेळ घूं घूं करत राहतो. उन्हाळ्यात एकदा मी कंपनीतून आलो, गाडी लावली आणि आत पाणी प्यायला गेलो. अण्णांनी पंखा ऐकला. त्यांना वाटलं, जनावर धापा टाकतंय. औत सोडून आलेल्या बैलाच्या अंगावर पाणी मारतात, तसं त्यांनी बादलीभर गार पाणी हिच्या अंगावर मारलं. तेही बरोबर खालच्या बाजूनं, सायलेन्सरच्या नळीवर!

एवढी वाफ निघाली की माय घरातून ओरडत आली. दुसऱ्या दिवशी मीटरवर पिवळा दिवा. शोरूममधल्या टायवाल्या साहेबांनी कॉम्प्युटर लावला आणि सेन्सर गेल्याचं गंभीर आवाजात सांगितलं. त्या सेन्सरची किंमत ऐकून मला घाम फुटला. तो बोटाएवढा असतो हो! वर त्यांनी विचारलं, “सर, गाडी पाण्यात नेली होती का?”

“नाही साहेब,” मी म्हणालो, “पाणीच गाडीकडे आलं होतं.”

अण्णांना मी सेन्सरची किंमत सांगितली.  त्यानंतर पंखा सुरू झाला की ते खाटेवरून उठायचे आणि पुठ्ठ्यानं वारा घालायचे.

*

पेट्रोलचा आमचा नियम साधा होता, जेवढं घेतलं तेवढं भरून द्यायचं. मीटरवर काट्या असतात. दोन काट्या मिळाल्या तर दोन काट्या परत.

नियम करताना एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. काटी ही काही एकदम पडत नाही, ती आधी आतून पोखरली जाते. जो तो काटी दिसेपर्यंतच भरायचा. मिलिंदनं इम्रानला जेमतेम दिसणारी काटी दिली, इम्राननं मला त्याहून जेमतेम दिली आणि वर सगळ्यांचं मन साफ!

शेवटी एका रविवारी खुलताबादच्या रस्त्याला चढावर गाडी थांबली. पाळी मिलिंदची होती. अंगात जाकीट, गुडघ्याला पॅड, हातात मोजे आणि तशा अवतारात तो पावणेदोनशे किलोचं धूड ढकलतोय. आम्ही दोघं स्कूटरवर मागं, हसून हसून स्कूटर धरवेना. तेवढ्यात मोपेडवर दुधाचे कॅन लावलेले एक आजोबा शेजारून गेले, पुढं जाऊन थांबले आणि वळून म्हणाले, “पाव्हणं, बसा मागं. गाडीला येऊ द्या हळूहळू.”

*

खर्चाचं प्रकरण रोज भांडण लावायला लागलं, तेव्हा आम्ही सरळ वाटण्या केल्या. पुढचं-मागचं टायर मिलिंदचं. इंजिन आणि ऑइल इम्रानचं. साखळी आणि ब्रेक माझे. ज्याचा भाग खराब होईल त्यानं भरायचं. वाटण्या झाल्या म्हणजे भाऊबंदकी आलीच!

झालं असं, की दौलताबादच्या किल्ल्याजवळ तो जुना दरवाजा आहे ना, ज्यातून एका वेळी एकच वाहन जातं, तिथं रविवारी ट्रॅफिक तुंबलं. तासभर अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत नेली. बाहेर निघालो तेव्हा जळका वास आणि गाडी नुसतीच बोंबलतेय, पुढं जाईना. क्लच प्लेटा गेल्या.

आता क्लच कुणाचा? इम्रान म्हणाला, इंजिन माझं, क्लच इंजिनच्या बाजूला असतो, आत नसतो. मी म्हणालो, साखळी बाहेर असते, क्लच आत असतो. मिलिंद शांतपणे कुल्फी खात होता, कारण टायर ठणठणीत होतं. भांडत भांडत आम्ही गाडी ढकलत घरी आणली आणि निवाडा अण्णांपुढं गेला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “बांधावरचं झाड हाय हे. त्याची सावली कुणाकुणाच्या वावरात पडती?”

“तिघांच्या,” मी कबूल केलं.

“मग भरा तिघं.” आणि मिलिंदकडे बघून, “कुल्फी पुस त्वांडाची.”

*

छावणीतला प्रसंग लहान आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इम्रानच्या खालाची, म्हणजे मावशीची, एक लाडकी बकरी होती. एका शुक्रवारी ती गाडीच्या सीटवर चढली, तिथून टाकीवर आणि टाकीवरून उडी मारली. गाडी स्टँडवरून आडवी. बाजूचं पूर्ण प्लॅस्टिक आणि इंडिकेटर खल्लास. नुसत्या प्लॅस्टिकच्या त्या तुकड्याच्या किमतीत तशा दोन बकऱ्या आल्या असत्या!

आम्ही खालाकडे तक्रार घेऊन गेलो. वाटण्यांत प्लॅस्टिक कुणाचंच नव्हतं, म्हणून तिघंही रागात होतो. खालानं आम्हाला बसवलं, नान-खलिया वाढला आणि पोटभर खाऊ दिलं. मग बकरीच्या पायाला बांधलेली हळद दाखवली.

“उसका पाँव मुचक गया बेटा. दवा के पैसे कौन देगा?”

आम्ही दिले!

*

मिलिंदला मुलगी बघायला जायचं होतं, वार सोमवार, म्हणजे गाडी त्याचीच. त्याच्या आईनं बजावलं होतं की रिक्षानं जा, पण ऐकेल तो मिलिंद कसला. धुऊन पुसून गाडी मुलीच्या दारात उभी केली. चहापोहे झाले. मुलीचे मामा खूश, “गाडी आपलीच का?”

मिलिंदला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, तिसरा हिस्सा माझा.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात मुलगीच, स्नेहल तिचं नाव, म्हणाली, “कुठला हिस्सा?”

“टायर,” मिलिंद म्हणाला. “दोन्ही.”

लग्न ठरलं! स्नेहल आता सांगते की आधी आलेल्या दोघांकडे अख्ख्या गाड्या होत्या, पण कुठला भाग बापाचा आणि कुठला बँकेचा, हे एकालाही सांगता आलं नव्हतं.

*

आता शेवटचं सांगतो.

यंदा इम्रानला दुबईचं काम मिळालं. एसीचं मोठं काम, पगार चांगला, तीन बहिणींचा एकुलता भाऊ, म्हणजे जाणं भागच होतं. विमानाचं तिकीट आणि बाकीच्या खर्चाला त्याला पैसे हवे होते, आणि त्याची सगळी पुंजी म्हणजे गाडीतला तिसरा हिस्सा. मिलिंदचं लग्न तोंडावर, माझ्या घराचा स्लॅब अर्धा. त्याचा हिस्सा विकत घ्यायची दोघांचीही ऐपत नव्हती. उपाय एकच, गाडी विकणे. खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा वाटलं, आता तरी खूश होतील. ते फक्त “बरं” म्हणाले.

जालन्याचं एक गिऱ्हाईक मिळालं. तरणा पोरगा, बापाचं दुकान, खिशात ॲडव्हान्स. रविवारी आमच्या अंगणात गाडी बघायला आला. आम्ही तिघांनी आधीच ठरवलं होतं, खर्चाचा शब्द काढायचा नाही. ‘मेंटेन केलेली आहे’ एवढंच म्हणायचं. अण्णांना हात जोडून सांगितलं की तुम्ही बागेत जा. ते गेलेही.

पोरानं एक चक्कर मारली आणि परत आला तो हसतच. त्याला गाडी आवडली होती. इम्राननं डोळे मिटून घेतले, बहुतेक मनातल्या मनात विमानात बसला. तेवढ्यात अण्णा पेरूची पाटी घेऊन आले. पोरानं एक पेरू उचलला आणि सहज विचारलं, “काका, खर्च काय येतो हो हिचा?”

अण्णा खाटेवर बसले. आणि त्यांनी सांगितलं! टायर वर्षात कसं गुळगुळीत होतं, क्लच कसा जळला, बोटाएवढ्या सेन्सरनं कसा घाम फोडला, बकरीनं काय केलं, बकरीला काय दिलं. मी खोकलो, मिलिंद खोकला, इम्रान तर उठून उभा राहिला. अण्णा थांबेनात.

“धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यावं लागतं, ते तीन वर्सातून एकदा,” ते म्हणाले. “हिचा धोंडा दर महिन्याला असतो बाबा. झेपंल का तुला?”

पोरानं पेरू संपवला, घरी विचारून सांगतो म्हणाला आणि गेला. तो सांगणार नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

मी अण्णांवर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. म्हणालो, चार वर्षं तुम्हीच विका विका म्हणत होता, आणि आज गिऱ्हाईक पळवलं, आता इम्राननं काय करायचं? इम्रान ओट्यावर डोकं धरून बसला होता. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

अण्णा आत गेले. बाहेर आले ते उपरण्यात बांधलेले पैसे घेऊन. यंदाच्या पेरूचे, विहिरीवर नवी मोटर बसवायला ठेवलेले. त्यांनी ते इम्रानच्या मांडीवर ठेवले.

“अण्णा, ये कायकू?”

“मोजून घे. तुहा हिस्सा म्या घेतला.”

“और मोटर?”

“जुनी चालंल अजून.”

इम्रान उठून त्यांच्या गळ्यात पडला. अण्णांना तसलं काही जमत नाही, ते दोन्ही हात बाजूला धरून तसेच उभे राहिले.

इम्रान दुबईला गेला त्याच्या पुढच्या मंगळवारी मी कंपनीतली पहिली पाळी करून घरी आलो. गाडी अंगणात, सावलीला. अण्णा खाली बसून जुन्या ब्रशनं साखळी घासत होते. संध्याकाळ छान पडली होती, म्हटलं किल्ल्यापर्यंत एक चक्कर मारू. मी चावी टांगायच्या खिळ्याकडे हात नेला, चावी नव्हती. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून तिचा गोफ लोंबत होता. मी मागितली.

त्यांनी मान वर केली नाही.

“आज तुहा वार नाय.”